मुहूर्त नावाचा प्रोग्राम

रोबो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन पायांवर चालणारं, बोलणारं काहीतरी येतं. आमच्या कारखान्यातले रोबो म्हणजे जमिनीत बोल्टनं पक्के बसवलेले लोखंडी हात होते. नुसते हात. डोकं नाही, तोंड नाही, त्यामुळे कटकटही नाही. गाडीच्या सीटखाली जो सांगाडा असतो ना, त्याला वेल्डिंग करायचं काम ते करायचे. कुठल्या हातानं कुठल्या क्षणाला काय करायचं, हे त्यांना सांगणारा प्रोग्राम मी लिहिला होता. आज हे कुणाला सांगितलं तर लोक जांभई देतात. पण उदारीकरणाच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत, गुडगावच्या बसमध्ये शेजारच्या माणसाला हे सांगितलं की तो सरकून मला जास्तीची जागा द्यायचा.

गुडगाव म्हणजे आजचं गुडगाव डोळ्यांसमोर आणू नका. सेक्टरचे आकडे होते, सेक्टर यायचे होते. रस्त्याच्या एका बाजूला काचेची इमारत, दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत, आणि मध्ये एक म्हैस जिला दोन्हींशी काही देणंघेणं नाही. वीज कधीही जायची. गेली की कारखान्यातला जनरेटर धडधडायला लागायचा आणि साहेब पंजाबीत कुणाला तरी शिव्या घालायचे. कुणाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही राहायला सरोजिनी नगरला होतो, सरकारी क्वार्टरमध्ये. क्वार्टर बायकोच्या नावावर होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या कोल्हापूरच्या नातेवाइकांना ते फार झोंबायचं. ती केंद्र सरकारच्या एका खात्यात हिशेबाच्या शाखेत होती. मी खासगीवाला. आमच्या आत्यानं एकदा सरळ विचारलं होतं, "मग तू बायकोच्या घरात राहतोस होय रे?" मी म्हटलं, हो, आणि भाडंही देत नाही. आत्या पुढची दिवाळी माझ्याशी बोलली नाही.

मुलगी त्याच क्वार्टरमध्ये मोठी होत होती. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. ती दोन्ही एकाच भांड्यात कालवायची. हिंदीतलं 'कल' तिनं उचललं आणि त्याचं मराठी केलं 'काल'. त्यामुळे तिचा काल कधी मागे असायचा, कधी पुढे. "बाबा, आपण काल बागेत जाऊ या?" असं विचारायची. बायको तिला दुरुस्त करायची, मी नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

एका संध्याकाळी बायको पोळ्या लाटत होती आणि मी स्टुलावर बसून तिला माझं काम समजावत होतो. तिला समजावलं की माझं मलाच समजायचं, म्हणून.

"हे बघ," मी म्हणालो, "हुकूम आत्ता पाठवून ठेवायचा. पण पाळायचा नंतर. मी सांगेन त्याच क्षणाला."

"आत्ता पाठवून ठेवायचा कशाला? तेव्हाच सांगायचं."

"तारेतून हुकूम हळू जातो गं. तेव्हा सांगायला गेलो तर पोचेपर्यंत वेळ निघून जाते. आणि तीन हात एकाच सांगाड्यावर काम करतात. एक जरा आधी हलला की दुसऱ्यावर आपटला. म्हणून आधी तिघांची घड्याळं जुळवायची, मग तिघांना आपापले हुकूम देऊन ठेवायचे, आणि मग आपण गप्प बसायचं."

तिनं पोळी उलटली. "म्हणजे मुहूर्तच की. भटजी आधी सगळ्यांना सांगून ठेवतात, घड्याळाकडे बघत बसतात, आणि वेळ आली की अक्षता."

झालं. प्रोग्रामचं नाव पडलं. साहेबांनाही ते पसंत पडलं. मुहूर्त त्यांच्याकडेही होताच. "बिल्कुल देसी नाम है, यार," म्हणाले, आणि बाहेरच्या पाहुण्यांना दाखवताना ते नाव स्वतःच सुचल्यासारखं सांगायला लागले.

पण त्या संध्याकाळी बायकोनं आणखी एक प्रश्न विचारला होता. "आणि वेळ चुकली तर?"

मी विचार केला नव्हता. लाइट गेली, हुकूम अडकून राहिला, लाइट आली तेव्हा त्याची वेळ होऊन गेलेली. मग हातानं तो उशिरा पाळायचा का? उशिरा पाळायला गेला आणि तेवढ्यात तिथं कुणी सांगाडा नीट करायला वाकलेलं असलं तर? दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो आणि पहिलं काम ते केलं. वेळ होऊन गेलेला हुकूम फेकून द्यायचा. उशिरा पाळायचा नाही म्हणजे नाही. आणि असं झालं की पडद्यावर रोमन अक्षरांत तीन शब्द उमटायचे: मुहूर्त टळला आहे. मी गमतीनं मराठीत लिहिलं होतं, पुढे बदलू म्हणून. पुढे कोण बदलतो.

पुढे एका सकाळी लाइट गेली, जनरेटर चालू झाला, आणि पडद्यावर ते तीन शब्द आले. ते वाचून पाळीवरच्या सगळ्या मंडळींनी चहा मागवला आणि बसून राहिले. जेवायच्या सुट्टीपर्यंत एकही सांगाडा पुढे सरकला नाही. साहेबांनी मला खालून वर बोलावलं. फोरमन आधीच तिथं उभा होता, रोहतककडचा, शांत माणूस. मी त्याला विचारलं, अरे बाबा, थांबलात कशाला, पुन्हा चालू करायचं ना.

तो म्हणाला, "जी, लिखा तो है. टला है. टला है तो बाद में होगा. कैंसिल थोड़े ही हुआ है."

त्यानं 'टला' वाचलं होतं. रोमन अक्षरांत ळ कुठून येणार? आणि हिंदीत टला म्हणजे पुढे ढकललं. आता नाही, मग होईल. आमच्याकडे मुहूर्त टळला म्हणजे गेला तो गेला. तो बिचारा कामाची वाट बघत होता आणि मी त्याला सांगत होतो की काम गेलं. साहेब माझ्यावर चिडले, मी साहेबांवर चिडलो. मी म्हटलं, चूक माझी नाही, त्याचीही नाही, दोन भाषांची आहे, त्यांना बोलवा वर. साहेबांनी इंग्रजीत 'एक्स्पायर्ड' लिहायला लावलं. मला तो शब्द औषधाच्या बाटलीवरचा वाटायचा, अजून वाटतो.

घरी येऊन हे सांगितलं तर बायको पदर तोंडाला लावून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलगी काही न कळता तिच्याबरोबर हसत होती. मला वाटतं, आम्ही तिघं एका घरात, एका गोष्टीवर, असे मनसोक्त हसलो ते शेवटचंच.

त्यानंतर तिची बढती आली. बढतीबरोबर बदली, आणि बदली कोल्हापूरला. लोक म्हणाले, नशीब काढलंत, आपल्या गावाला मिळाली. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कधी विचारतील याचा नेम नव्हता. तिची आई तिकडे एकटी होती. आणि तिनं बढतीची परीक्षा मुलीला मांडीवर घेऊन अभ्यास करून दिली होती, ते मी बघितलं होतं. मी कोणत्या तोंडानं नको म्हणणार? तिनं विचारलं, "तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, "रोबो करतो." ती म्हणाली, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे हो. तिकडे जॉइन झाले की लगेच दिल्लीचा अर्ज टाकते." आणि तिनं टाकलाही. शब्दाची पक्की आहे.

मग तुम्हीच कोल्हापूरला का नाही गेलात, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की मी उत्तर पाठ केलंय. कोल्हापुरात तेव्हा लेथ होते, भट्ट्या होत्या, हाडाचे कारागीर होते. रोबो नव्हता. आणि मी लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. बस.

क्वार्टर सोडावं लागलं. गुडगावात आम्ही एक फ्लॅट घेतला होता, त्याचा ताबा मिळायला अजून अवकाश होता. तोवर मी मुनिरकात एक खोली घेतली. वरच्या मजल्यावर लातूर, परभणी, बीडकडची पोरं यूपीएससीचा अभ्यास करत. ती मला काका म्हणायला लागली तेव्हा मी पहिल्यांदा आरशात नीट बघितलं. पुढे फ्लॅट मिळाला. तीन खोल्या, चकचकीत फरशी, आणि बोललं की आवाज परत यायचा. बोलायला होतं कोण म्हणा.

रविवारी मी मध्य दिल्लीत जायचो. तिथं आपल्या राज्याचं गेस्ट हाऊस आहे, त्याच्या कँटीनमध्ये झुणका मिळायचा. झुणका बरा नसायचा. पण शेजारच्या टेबलावर कुणीतरी मंत्रालयातल्या साहेबाला नावं ठेवत असायचं, ते मराठीत असायचं, आणि तेवढ्यासाठी दोन बस बदलून जायला मी तयार होतो. जेवलो की तिथून चालत एसटीडी बूथवर. ठरलेली वेळ असायची. तिकडे शेजाऱ्यांकडे फोन होता, दोघी तिथं येऊन बसलेल्या असायच्या.

आधी बायको. ऑफिस, आईचं औषध, अर्जाचं काय झालं. मग फोन मुलीकडे.

"बाबा, तू काल येणार?"

"हो. काल येणार."

"नक्की?"

"नक्की."

यात मी खोटं बोलत नव्हतो असं माझं म्हणणं होतं. काल येणार असं वचन दिलं तर ते मोडणार कसं? बूथवाला पोरगेला सरदार माझ्याकडे बघून हसायचा, कारण फोन ठेवल्यावरही मी थोडा वेळ तिथंच उभा राहायचो.

मला त्यांची आठवण येत होती, असं नुसतं म्हटलं तर ते खरं वाटत नाही. मला त्या दोघी हव्या होत्या. सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर "किती वेळ?" असं ओरडणारं कुणीतरी हवं होतं. कारखान्यात ते तीन हात एका सांगाड्याभोवती, एकमेकांना धक्का न लावता फिरायचे, आणि ते बघताना कधी कधी मला उगाचच राग यायचा. मीच शिकवलेलं, आणि माझ्याच घरात जमत नव्हतं.

अर्जाची चौकशी करायला मी तिच्या खात्याच्या मुख्य ऑफिसात जायचो. टेबलावरचे बाबू सज्जन होते. दर वेळी खुर्ची द्यायचे, कधी चहा पाजायचे, आणि म्हणायचे, "साहब, इस बार टल गया." मी खुशीत बाहेर पडायचो. टल गया, म्हणजे पुढे गेलं. म्हणजे होणार. रविवारी बायकोला फोनवर जसंच्या तसं सांगायचो, "टळलं गं या वेळी." तिचा आवाज उतरायचा. मग म्हणायची, "बरं." मला वाटायचं, हिला इतकं निराश व्हायला काय झालं? ती मराठी मुलखात बसून मराठी ऐकत होती, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

सुट्टीत जायचो. दिवाळीला, मे महिन्यात. गेलो की पहिला दिवस मुलगी लाजायची, दुसऱ्या दिवशी गळ्यात पडायची, आणि नीट रुळेपर्यंत माझी परतीची गाडी यायची.

आणि मग एका रविवारी, बूथमध्ये, माझ्या कानात एक स्वच्छ, मोठा आवाज आला.

"बाबा, तुम्ही उद्या येणार आहात का?"

मी गप्पच झालो. तिला वाटलं लाइन कट झाली, ती हॅलो हॅलो करायला लागली. एवढ्याशा वाक्यात तिनं सगळं दुरुस्त करून टाकलं होतं. काल जाऊन उद्या आला होता. आणि मी 'तू'चा 'तुम्ही' झालो होतो. शाळेत, गल्लीत, सगळी मुलं वडिलांना तुम्ही म्हणतात, तिनंही उचललं. चांगलंच आहे की. कुणाही बापाला अभिमान वाटावा.

"नाही गं," मी म्हणालो. "उद्या नाही येणार."

ऑर्डर आली त्यानंतर, जवळजवळ वर्षभरानं. बायकोचा फोन ऑफिसात आला. "आली हो. दिल्ली." मी खुर्चीतून उठलो आणि कुठे जायचं ते न कळून पुन्हा बसलो. साहेबांनी पेढे मागवले. त्या आठवड्यात मी फ्लॅटला रंग काढला, सरोजिनी नगरच्या बाजारातून पडदे आणले, आणि गॅसच्या नंबरासाठी इतक्या चकरा मारल्या की एजन्सीवाला मला बघून आत जायला लागला. मग निजामुद्दीनहून गाडी पकडली. दोघींना घेऊन यायला निघालो होतो. सामान बांधायला दोरी पण नेली होती.

घर म्हणजे सासूबाईंच्या दोन खोल्या, वर गच्ची, खाली फाटक. पोचलो तेव्हा सकाळ होती. आंघोळ करून मी खुर्चीत बसलो. खाली फाटकाशी एक मुलगी आली आणि आमच्या मुलीला खेळायला हाका मारायला लागली. आमची धावत खिडकीशी गेली.

"आज नाही गं यायची मी," ती वरून म्हणाली. "आमच्याकडे पाहुणे आलेत."

तिच्या बोलण्यात काहीही नव्हतं. आनंदच होता. पाहुणे आले की शिरा होतो, शाळेत उशिरा गेलं तर चालतं. आत बायको कांदा चिरत होती, ते चिरणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

दुपारी मुलगी शाळेत गेल्यावर बायकोनं ऑर्डरचा कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "हिला इथं शाळा लागली आहे. आईचं असं. मलाही ऑफिस पायी जाण्याइतकं. पण तुम्ही तिकडे एकटे राहता, ते मला सहन होत नाही. मी यायला तयार आहे. तुम्ही म्हणा चल, की मी उठले."

ती मनापासून बोलत होती. मी चल म्हटलं असतं तर ती त्या संध्याकाळी ट्रंक भरायला बसली असती. मी वाक्य तोंडात तयार करून आलो होतो. गाडीत दिवसभर तेच घोळवत होतो.

"मीच येऊ का इकडे?" मी विचारलं. ते कुठून आलं मला माहीत नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. "इकडे येऊन काय करणार तुम्ही?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

मी खिडकीशी गेलो. खालच्या गल्लीत दप्तरं टाकून मुलं लगोरीच्या दगडांवरून भांडत होती. उद्या संध्याकाळी आमचीही त्यांच्यात असणार होती. हिला इथून उचलून तिथल्या चकचकीत फरशीवर नेऊन ठेवायची, तर ती कुणाशी भांडणार? पुन्हा सगळ्याला काल म्हणायला लागेल. आणि मला तेच हवं होतं, हेही खरं. पण ते माझ्यासाठी होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "नाही म्हणून कळव त्यांना."

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा अर्ज करू." मी म्हटलं, करू. आम्ही दोघंही करणार नव्हतो, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी निघालो. रिक्षा फाटकाशी उभी होती. मुलगी प्रवासाचा डबा घेऊन खाली आली. दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून जपून धरलेला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थँक्यू."

बायकोनं चटकन माझ्याकडे बघितलं. आपल्यात घरच्या माणसाला कोणी थँक्यू म्हणत नाही. मला ते परत घ्यायचं होतं, पण मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत शिकवल्याप्रमाणे ती "वेलकम" म्हणाली, आणि मैत्रिणी वाट बघत होत्या म्हणून पळाली.